पहिले आठ स्वर

३ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

बावन्न वर्षांच्या माणसाला या नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट लिहिलंय, पोस्टमनच्या मुलीला तेवढी अक्कल आहे. आत मात्र तू ठोंब्याच. पाकीट न फोडता परत पाठवणार असशील तर पाठव. फोडलंच असशील तर आता पुरतं वाच.

कामाचं लिहिते. बाबांच्या चालींच्या वह्या वाचनालयाने मागितल्या आहेत. ग्रंथपाल बाई स्वतः घरी आल्या, तासभर वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, एवढं सगळं कपाटात ठेवून कुणाला काय सापडणार? मी म्हटलं, मला सापडतं. त्या म्हणाल्या, तुम्ही किती वर्षं पुरणार? बाई फटकळ आहेत, पण मला आवडल्या.

तर चौदा वह्या, अकराशे सहा चाली. बाबांनी एकतीस वर्षं टपाल वाटता वाटता लोकांच्या दारात उभं राहून ऐकलेल्या. कुणी पीठ मळताना गुणगुणतंय, कुणी मूल निजवतंय, होडीवाले वल्ही मारताना सूर धरतायत. बाबा पत्र हातात धरून चाल संपेपर्यंत थांबायचे. पोस्टात तक्रार गेली होती एकदा, आठवतं? ‘पोस्टमन उशिरा येतो आणि आल्यावर जात नाही.’

बाबांची लिहायची पद्धत तुला सांगायला नको. स्वरांची नुसती अक्षरं, सा रे ग म. वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी. प्रत्येक चालीच्या वर चार ओळी: क्रमांक, नाव, कडून, तारीख. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की हे फारच सोयीचं झालं, कारण संगणकाला चित्रं कळायला वेळ लागतो, अक्षरं लगेच कळतात. त्यांनी मला एक सॉफ्टवेअर दिलंय. आपण वही जशीच्या तशी टाइप करायची, त्याच चार ओळी, तेच स्वर, फक्त टिंबांऐवजी दुसऱ्या खुणा. मग एक बटण दाबलं की ते तीन याद्या करून देतं. पहिली नावांची. दुसरी माणसांची, म्हणजे कुठली चाल कुणाकडून मिळाली. तिसरी मला सगळ्यात आवडली. ती नावाकडे बघतच नाही. चालीचे पहिले आठ स्वर घेते आणि शब्दकोशात शब्द लावतात तशी स्वरांवरून लावते.

छापखान्यात पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर काय करायचं हा प्रश्न होता, तो सुटला. आता माझ्याच चुका काढते. परवा एका अंगाईत पायाच्या टिंबाऐवजी डोक्याचं पडलं. ऐकायचं बटण दाबलं तर अशी किंचाळली की बाळ झोपायचं सोडून माळ्यावर चढलं असतं.

बत्तीस चालींना नावच नाही. त्यातल्या काही तुला ठाऊक असतील. यादी सोबत जोडली आहे. आठवेल तेवढं पेन्सिलीने लिहून पाठव.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

उत्तर आलं नाही. पाकीटही परत आलं नाही. त्यातल्या त्यात बरं.

तू पियानो लावायची आणि दुरुस्तीची कामं करतोस असं ऐकलं. व्हायोलिन सोडलंस का, हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. हल्ली कान दुखतात का रे? लहानपणी वारा लागला की दुखायचे. कानाला रुमाल बांधून बसायचास, एखाद्या म्हातारीसारखा.

नऊ वह्या टाइप झाल्या. हे सॉफ्टवेअर हुशार आहे, पण छापखान्यातल्या नव्या माणसाएवढंच हुशार. सांगाल तेवढंच करतं. बाबांनी कुठे ‘पाववाला’ लिहिलंय, कुठे ‘पाववाले’, कुठे ‘पाववाले काका’. दुसऱ्या यादीत तिघं वेगळे आले. मी दोन दिवस बसून माणसं जुळवली. शेवटी दोनशे बारा भरली. त्यांतले बरेच आता नाहीत, पण यादीत सगळे शेजारी शेजारी बसलेत. नदीकाठची विणकर बाई आणि तिचा नवरा, जे आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत, तेही.

तिसऱ्या यादीने तर धमाल उडवली. एकच चाल बाबांनी सात ठिकाणी सात नावांनी लिहिली आहे आणि त्यांना पत्ताच नव्हता. होडीवाले तिला ‘उलटी होडी’ म्हणायचे. विणकर बाईकडे ती ‘भिजलेला मोजा’. गवंड्यांकडे ‘सासूचा जिना’. आठही स्वर तेच. मी एकटीच बसून हसले. बाबा असते तर सातही घरी पुन्हा जाऊन प्रत्येकाला सांगून आले असते, आणि सातही घरांत भांडण लावून आले असते.

एक कबूल करते. माणसांची यादी तयार झाल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं असेल? माझं नाव शोधलं. ‘कडून: ताई’ असं काही आहे का. नाही. मग तुझं शोधलं. तेही नव्हतं. खरं सांगू, मला जरा बरं वाटलं. साठी उलटली तरी माणूस सुधारत नाही.

आणखी एक. दारामागे बाबांची टपालाची पिशवी होती ना, कॅनव्हासची? वाचनालयात ठेवावी म्हणून झटकायला घेतली तर आतल्या कप्प्यात नऊ खिशातल्या वह्या निघाल्या, विड्यांच्या बंडलाएवढ्या. पेन्सिलीने लिहिलेल्या, कितीतरी पानं ओल लागून पुसट झालेली. बाबा फिरतीवर यांत घाईघाईने उतरवून घ्यायचे आणि रविवारी मोठ्या वहीत सुवाच्य लिहायचे. मला माहीत होतं की अशा वह्या असतात, पण त्यांनी त्या जपून ठेवल्या असतील असं वाटलं नव्हतं. आता त्याही टाइप करते. भिंग घेऊन बसावं लागतं.

नाव नसलेल्या चालींची यादी हरवली असेल तर पुन्हा पाठवते.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

आज एकच विचारायचं आहे. आपण पुलापलीकडच्या घरात राहायचो तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास ना? तू व्हायोलिन घेऊन जिन्याखाली का बसायचास? मला वाटायचं, वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी तक्रार केली म्हणून. तेवढं कळव.

बाकी ठीक. हात दुखतो म्हणून जास्त लिहीत नाही.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

परवाचं पत्र हा भेकडपणा होता. हात दुखत नव्हता.

सरळ सांगते. जमेल तितकं क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला की मी मला सोयीचं तेवढंच लिहीन.

नऊ वर्षांपूर्वी तुझी ती रेकॉर्ड आली. त्यातली पाचवी चाल ‘जिन्याखाली’, आणि तिच्यापुढे रचनाकार म्हणून तुझं नाव. मी ऐकली आणि तिसऱ्या सुरालाच ओळखली. चौथ्या वहीतली, पान एकतीस. बाबा त्या वह्या सुवाच्य लिहायचे तेव्हा मी वीस वर्षांची होते, छापखान्यात नुकतीच लागले होते, आणि प्रत्येक पान तपासायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. ते पान मला पाठ होतं. त्या चालीला नाव नव्हतं आणि ‘कडून’च्या पुढची जागा कोरी होती.

मी तुला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. ‘चोर’ हा शब्द दोनदा होता. त्याच दिवशी त्या पानाची प्रत काढून रेकॉर्ड कंपनीला पाठवली. त्यांनी रेकॉर्ड मागे घेतली. तुझे कार्यक्रम रद्द झाले. ज्या संगीतशाळेत तू शिकवायचास तिथे चौकशी झाली आणि तू आपण होऊन बाहेर पडलास. तुझं एका ओळीचं उत्तर आलं होतं: ‘ताई, ती माझी आहे.’ मी उलट लिहिलं की पकडलेला प्रत्येकजण हेच म्हणतो.

आता परवाची गोष्ट. या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. पहिले आठ स्वर सारखे असलेल्या चाली ते जोडीजोडीने समोर ठेवतं, म्हणजे तीच चाल दोनदा नोंदली असेल तर कळावं. खिशातल्या वह्या टाइप करून झाल्या आणि मी ते बटण दाबलं. त्रेचाळीस जोड्या आल्या. बहुतेक ठिकाणी पेन्सिलीचा कच्चा खर्डा आणि मोठ्या वहीतली पक्की प्रत, अपेक्षाच होती. मी एकेक तपासत गेले. सत्ताविसावी जोडी आली: ग प ध ग रे ग सा ध. एका बाजूला वही चौथी, पान एकतीस. दुसऱ्या बाजूला खिशातली सहावी.

ती वही मीच टाइप केली होती, आणि स्वरांकडे लक्ष देऊन ‘कडून’ची ओळ ‘पुसट’ अशी खूण करून पुढे गेले होते. आता खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरली. बाबांच्या अक्षरात असं आहे, मी काना-मात्राही बदललेली नाही:

‘नाव: नाही. कडून: ठोंब्या, वय अकरा. जिन्याखाली एकटा बसून वाजवत होता. विचारलं तर थांबेल म्हणून दाराआड उभं राहून उतरवली. कुठे ऐकलेली नाही, त्याचीच आहे. तिसरी ओळ मला जन्मात सुचली नसती.’

ठोंब्या, मी ते चार वेळा वाचलं. मग भिंग खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

तू खरं बोलत होतास. माझं चुकलं होतं. माझ्या पेशात चूक कबूल करायला समासात एक खूण असते, पाच मिनिटांत मजकूर दुरुस्त होतो. हे तसं नाही. नऊ वर्षं गेली तुझी. माफी माग असं मला सांगायला कुणी नाही, म्हणून मीच मागते. मला माफ कर. जमलं तर.

कंपनीला आजच रजिस्टर्ड पत्र पाठवलं. दोन्ही पानांचे फोटो जोडले आहेत, आणि स्वच्छ लिहिलंय की आरोप माझा होता आणि तो खोटा होता. संगीतशाळेलाही तेच. दोन्हींच्या प्रती सोबत आहेत.

बाबांनी मोठ्या वहीत ती जागा कोरी का ठेवली, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. पानं मी तपासायचे. त्याच वर्षी मी व्हायोलिन कायमचं खाली ठेवलं होतं, कारण माझा हात तयार होत नव्हता आणि तुझा होत होता. मला वाईट वाटू नये म्हणून तर नाही ना ठेवली? माहीत नाही. विचारायला माणूस राहिला नाही.

ताई


२ मार्च

प्रिय ठोंब्या,

तू गप्प आहेस. ते बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असते तर गप्पही बसले नसते.

कंपनीचं उत्तर आलं. तेव्हाचे साहेब निवृत्त झाले, कागद शोधावे लागतील, पण पुढच्या सूचीत दुरुस्ती करू असं कळवलंय. संगीतशाळेचं अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी फोन करते. तिथल्या कारकुनाने मला आवाजावरून ओळखायला सुरुवात केली आहे.

आता जे लिहायचं आहे ते मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. तीन आठवडे पाकीट तयार आहे, कागद आत जात नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं की बाबांना फार लागलं आहे आणि त्यांना तुझं तोंड बघायचं नाही. हे बाबा कधीच म्हणाले नाहीत. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तोवर त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, हे तुला माहीत आहे. रेकॉर्ड त्यांनी ऐकली नाही, मी ती चादरींच्या कपाटात ठेवली. मी तुला काय लिहिलं, कंपनीला काय लिहिलं, त्यांना कळलं नाही. त्यांच्या तोंडी ते वाक्य मी घातलं. मला वाटलं, माझ्या एकटीच्या रागाला वजन पडणार नाही.

का घातलं, याची कारणं मी खूप शोधली. मी घरी राहिले, तू गेलास. बाबांची औषधं, बाबांचे कपडे, बाबांच्या वह्या माझ्याकडे, आणि रेकॉर्डवर नाव तुझं. हे खरं आहे, पण ही कारणं आहेत, सबब नाही. बाबा कधी माझ्याशी वाईट वागले नाहीत. तूही नाही. रेल्वेच्या परीक्षेला बसले होते तेव्हा तू आठवडाभर मला चहा करून द्यायचास, आणि त्यात साखर विसरायचास.

पुढची तीन वर्षं, बाबा जाईपर्यंत, ते तुझी चौकशी करायचे. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. हात थरथरायचा म्हणून त्यांना लिहिता येत नव्हतं. दोनदा त्यांनी मला समोर बसवून तुझ्यासाठी पत्र सांगितलं. मी शब्द न् शब्द उतरवून घेतलं, त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली. मी ती टपालात टाकली नाहीत.

फाडलीही नाहीत. दोन्ही सोबत पाठवते आहे. अक्षर माझं आहे, पण शब्द त्यांचे. रागाचं एक अक्षर नाही त्यांत. सायकल विकली ते आहे, नव्या पोस्टमनला पत्ते सापडत नाहीत ते आहे, आणि इथे चांगल्या तारा मिळत नाहीत, येताना व्हायोलिनच्या तारा घेऊन ये, असं दुसऱ्यात आहे. ऐकू येत नसताना त्यांना तारा कशाला हव्या होत्या, असं मी तेव्हा विचारलं नाही. एकतीस वर्षं ज्या माणसाने कुणाचं कार्डसुद्धा हरवू दिलं नाही, त्याच्या मुलीने त्याचीच पत्रं अडवली.

बाबा गेले त्या दिवशी तू आला होतास. मागे उभा राहिलास, संध्याकाळी पाणीही न पिता निघून गेलास. तुला वाटत होतं की गेलेल्या माणसाने तुला माफ केलं नाही. तेव्हा माझ्या हातात होतं, दोन पावलं पुढे येऊन सांगणं. मी आले नाही.

आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. राग कर. पण बाबांवर करू नकोस, एवढंच मागते.

ताई


१९ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

गाडी वेळेवर पोचली असेल. खिडकीशेजारी बसून कानाला वारा लावून घेतला असशील.

चार दिवस तू इथे होतास आणि मी फारसं बोलले नाही. तोंडाने मला कधी जमलंच नाही, म्हणून आता लिहिते. तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे. हे माझ्या बाजूने.

गुरुवारी दाराची कडी वाजली तेव्हा मी पाणीपट्टीवाला समजून चष्मा डोक्यावर ठेवून तशीच आले. तू दारात. केस पांढरे, बाबांसारखेच मधून विरळ. तुझ्या हातात माझी पाचही पत्रं होती, रबर लावलेली. मला वाटलं, तोंडावर फेकायला आणलीस. तू मात्र पायपुसण्याकडे बघून म्हणालास, “ताई, मला तुझा खूप राग येतो. आणि भूकही लागलीय.”

मी आत गेले ते तुझ्यासाठी ताट वाढायला कमी आणि तुझ्याकडे पाठ करायला जास्त. भात करपला. तू तो खाल्लास आणि काही बोलला नाहीस. आधीचा तू असतास तर बोलला असतास, त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

संध्याकाळी तू पिशवीतून तारांचं पाकीट काढलंस. बाबांचं व्हायोलिन काढून पुसलंस, खुंट्या घसरत होत्या त्यांना खडू लावलास, एकेक तार चढवलीस. मी समोर बसून भाजी निवडत होते. मेथीची एकही काडी मी नीट निवडली नाही, तुला जेवताना कळलंच असेल. तार लावताना तू मान वाकडी करतोस ती बाबांची लकब आहे. नऊ वर्षांत मी विसरून गेले होते की ती तुझ्याकडेही आहे.

शुक्रवारी सकाळी तू म्हणालास, आण ती यादी. मला वाटलं, बत्तीस चालींची म्हणतोयस. तू म्हणालास, सगळी. मग आपण क्रमांक एकपासून बसलो. मी संगणकावरून स्वर वाचायचे, तू वाजवायचास. माझी चूक असली की थांबून नुसता माझ्याकडे बघायचास. तीन दिवसांत चारशे चाली झाल्या. एकोणीस चुका निघाल्या. मी त्या सगळ्या दुरुस्त केल्या आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं, चुका सापडल्या म्हणून नाही, तू माझ्या चुका काढतोयस म्हणून. ‘भिजलेला मोजा’ वाजवताना तू हसलास. तोंड फिरवून हसलास, पण मी पाहिलं. खालच्या मजल्यावरचा शिंपी शनिवारी वर आला तो तक्रारीला आला असं मला वाटलं. तो म्हणाला, दार उघडं ठेवा, नीट ऐकू येत नाही.

तुझी चाल तू रविवारपर्यंत टाळलीस. मी मुद्दाम काढली नाही. शेवटी तूच म्हणालास, वाच. मी खिशातल्या वहीतून वाचली. तिसऱ्या ओळीत तू थांबलास.

“हा स्वर चुकलाय. नि कोमल आहे इथे. बाबांनी शुद्ध लिहिलाय.”

मी लगेच दुरुस्त करायला हात पुढे केला. तू माझं मनगट धरलंस. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हणालास, दाराआडून ऐकलंय त्यांनी, तेवढं चालायचं. राहू दे त्यांनी ऐकलं तसंच. मग तू ती दोनदा वाजवलीस, एकदा तुझी आणि एकदा बाबांची. मला फरक कळला, ठोंब्या. हात तयार नसला तरी कान आहेत मला. तू म्हणतोस की तुझी बरोबर आहे. आहेच. पण मला बाबांचीही आवडली.

पस्तीस वर्षं छापखान्यात काढली, पण चूक समोर दिसत असून मी ती तशीच ठेवली असं प्रथमच झालं. यादीत आता नाव ‘जिन्याखाली’ आहे आणि ‘कडून’पुढे बाबांनी लिहिलं तेच. तुझं पूर्ण नाव टाकू का, असं मी विचारलं तर म्हणालास, नको, बाबांनी ठेवलंय ते बरं आहे.

सोमवारी मी बसथांब्यापर्यंत आले. तू नको म्हणालास तरी आले. मग तू विचारलंस, आणि हे तू चार दिवस विचारायचं थांबवून ठेवलं होतंस, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं.

“बाबा माझं विचारायचे तेव्हा तू त्यांना काय सांगायचीस?”

मी म्हटलं, “कामात आहे म्हणायचे. फार काम असतं त्याला, सुटी मिळत नाही.”

तू खाली बघितलंस. बस वळणावर दिसायला लागली होती. मग पिशवी खांद्यावर टाकत म्हणालास, “कामातच होतो मी, ताई. ते काही खोटं नव्हतं.”

आणि चढलास. मागे वळून हात केलास की नाही ते मला दिसलं नाही, कारण चष्मा पुसत होते.

तू ते सहज म्हणालास, की वाटेत ठरवून म्हणालास, मला माहीत नाही. तुझा राग गेलेला नाही, हे मला कळतं. तो एका वाक्याने जाऊही नये. दोन दिवस तू माझ्याशी बोलताना ‘तू’ ऐवजी नुसतं ‘हे घे’, ‘ते दे’ करत होतास, ते मी मोजत होते. तरी त्या वाक्यावर मी घरापर्यंत चालत आले. वाटेत भाजीवालीने हाक मारली, माझ्या लक्षातच आलं नाही.

घरी आले, खुर्चीत टेकले, आणि दुपारी चार वाजता मला झोप लागली. बसल्या जागी. उठले तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली होती, खिडकी उघडीच, संगणक चालूच, आणि मान अशी आखडली होती की दोन दिवस मी उजवीकडे बघू शकले नाही. असं झोपायला मला नऊ वर्षं जमलेलं नव्हतं.

उरलेल्या सातशे चाली मी एकटीने तपासणार नाही. माझं वाचन आणि तुझे कान, दोन्ही लागतात. ग्रंथपाल बाईंना मी सांगितलंय की वेळ लागेल. त्या म्हणाल्या, किती? मी म्हटलं, भावाला विचारून सांगते.

पुढच्या वेळी निघण्याआधी फोन कर. भात करपवणार नाही.

तुझी,
ताई